ओली चादर, ओगर आणि तीन फासे

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घराच्या गच्चीवर आम्ही पाच जण दर रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा मिळून कथा रचत खेळायचा फाशांचा खेळ खेळतो. उन्हाळ्यात दिवसाचे तापमान चाळिशीच्या पुढे असते, त्यामुळे दिवस मावळल्याशिवाय वर बसणे शक्य होत नाही. मग सतरंजी अंथरून तिच्यावर स्टीलचे ताट ठेवतो आणि फासे त्या ताटात टाकतो. चार खेळाडू आपापले एक पात्र चालवतात. मी डीएम असतो, म्हणजे जग, शत्रू आणि नियमांचा निवाडा माझ्याकडे असतो. आम्ही पाचवी आवृत्ती २०१४ च्या नियमांनी खेळतो. या बैठकांमधल्या एका लढाईत मी दिलेला एक निर्णय, त्याचा पुढील दोन रविवारांवर झालेला परिणाम आणि नंतर केलेली दुरुस्ती यांची ही सविस्तर नोंद आहे. नियमांच्या पुस्तकात नसलेली कृती खेळाडूने भर लढाईत सुचवली, तर तिचे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न मला या प्रसंगाने प्रथमच नीट दिसला.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. लढाई राउंडमध्ये चालते आणि एक राउंड म्हणजे त्या जगातले सहा सेकंद. आपल्या टर्नमध्ये प्रत्येकाला थोडे चालता येते आणि एक अ‍ॅक्शन करता येते. हल्ला करायचा असेल, तर वीस बाजूंचा फासा टाकून आलेल्या आकड्यात पात्राचे कौशल्य मिळवायचे. ती बेरीज शत्रूच्या एसीइतकी (त्याच्या बचावाच्या आकड्याइतकी) किंवा त्याहून जास्त झाली, की वार लागतो. हल्ला, धावणे, बचाव, मदत, लपणे अशा काही अ‍ॅक्शन पुस्तकात छापलेल्या आहेत. मात्र त्यांच्या शेवटी असेही सांगितले आहे, की इतर काहीही करायचे असल्यास खेळाडूने ते वर्णन करून सांगावे आणि ते शक्य आहे का, त्यासाठी कोणता फासा टाकायचा, हे डीएमने ठरवावे. प्रस्तुत प्रकरण त्या एका मुभेचे आहे.

प्रसंग

कथेतले गाव मी सोलापूरवरून घेतले होते. तिथे तळ्याच्या काठाला लागून भुईकोट किल्ला होता आणि किल्ल्याच्या पलीकडे विणकरांची वस्ती होती. तिसऱ्या लेव्हलचे चार साहसी, म्हणजे फायटर (लढवय्या), रोग (चोरटा), क्लेरिक (पुजारी) आणि विझार्ड (जादूगार), एका मागवाल्याच्या वाड्यात शिरले. मागच्या अंगणात तीन विणकर कोंडलेले होते आणि त्यांच्यावर एक ओगर पहारा देत होता. ओगर म्हणजे दोन पुरुष उंचीचा, ताकदीने भरलेला पण बुद्धीने मंद राक्षस. नियमांप्रमाणे त्याचा एसी ११, एचपी (शून्यावर आले की पडतो ते जीवगुण) ५९ आणि बुद्धी ५. त्याच्या सोट्याचा एक घाव सरासरी १३ एचपी नेतो. अंगणाचे वर्णन करताना मी सहज बोलून गेलो, की रंगवून धुतलेल्या चादरी दोरीवर वाळत घातल्या आहेत आणि त्यांच्यातून अजून पाणी ठिबकते आहे.

फायटर चालवणाऱ्या मित्राने ते वाक्य उचलले. आपला टर्न आल्यावर तो म्हणाला, “कुऱ्हाड कमरेला खोचतो, दोरीवरची ओली चादर दोन्ही हातांनी ओढतो आणि ओगरच्या डोक्यावर टाकतो. त्याला दिसायचं बंद होऊ दे.” सतरंजीवरचे सगळे सावरून बसले. गच्चीवर अशी उत्सुकता निर्माण होण्यासाठीच मी दर आठवड्याला तयारी करतो, हे इथे सांगितले पाहिजे.

त्यावर मी दिलेला निर्णय पुढीलप्रमाणे होता. चादर ओली आणि दोरीला चिमट्यांनी अडकवलेली आहे, म्हणून आधी अ‍ॅथलेटिक्सचा चेक, कठीणता १५, म्हणजे फासा आणि कौशल्य मिळून किमान १५ हवेत. ती निघाली तर फेकावी लागेल, म्हणून हल्ल्याचा फासा. चादर हे काही शस्त्र नाही, तेव्हा हाताला लागेल ती वस्तू शस्त्र म्हणून वापरण्याचा नियम लागू, आणि त्या नियमात प्रावीण्याचा बोनस मिळत नाही. तो फासाही लागला, तर ओगरला बाजूला सरकण्याची संधी, म्हणजे चपळाईचा सेव्ह, कठीणता १२. तिन्ही जमले, तर ओगर त्याच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत आंधळा.

पहिला फासा १४ पडला, त्यात ५ मिळवून १९ झाले आणि चादर निघाली. दुसरा ६ पडला, त्यात ३ मिळवून ९ झाले आणि चादर ओगरच्या खांद्यावरून घसरून चिखलात पडली. पुढच्याच टर्नमध्ये ओगरने फायटरला १५ एचपीचा घाव घातला. त्यानंतर फायटरने कुऱ्हाड उपसली आणि लढाई संपेपर्यंत फक्त “मारतो” एवढेच म्हटले. चौथ्या राउंडमध्ये ओगर पडला. विणकर सुटले, एचपी आणि मंत्र खर्ची पडले, आणि कागदावर सर्व काही सुरळीत झाले.

पुढचे दोन रविवार

त्या दिवशी मला काही चुकल्यासारखे वाटले नव्हते. पुढच्या दोन बैठकांत तीन लढाया झाल्या आणि त्या तिन्हींत एकाही खेळाडूने छापील यादीबाहेरची एकही कृती सुचवली नाही. एका खोलीत मी मुद्दाम छताला लटकणारे झुंबर ठेवले होते, दुसऱ्या ठिकाणी उतारावर पिंपे रचून ठेवली होती. कोणी त्यांच्याकडे वळूनही पाहिले नाही. फायटर मारत होता, रोग मारत होती, विझार्ड तोच अग्निबाण टाकत होता. खेळ सुरू होता, परंतु मी वर्णन करत असलेल्या जागेचा आणि त्यांच्या टर्नचा संबंध तुटला होता.

दुसऱ्या रविवारी फासे आवरताना मी त्यांना सरळ विचारले. रोगचे पात्र चालवणारी मुलगी वयाने आमच्यात सर्वांत लहान. तिच्या घरचे यंत्रमाग आहेत, घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलते. ती म्हणाली, “दादा, मारायचं तर एकदा नशीब लागतं. चादर टाकायची तर तीनदा लागतं. मग कोण टाकेल हो?”

थोड्या वेळाने तिने आणखी एक गोष्ट सांगितली आणि मला ती पहिलीपेक्षाही महत्त्वाची वाटते. “आणि ओली सोलापुरी चादर एकट्यानं फेकवत नाही की. तुम्ही कधी पिळली आहे का एकट्यानं?”

आमच्यापैकी कोणीच ती एकट्याने पिळलेली नाही. सोलापुरात वाढलेल्या प्रत्येकाने लहानपणी आईसमोर चादरीचे एक टोक धरले आहे, दोघांनी उलट दिशांना पीळ दिला आहे आणि मनगटातून पाणी कोपरापर्यंत ओघळताना अनुभवले आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या जाड विणीच्या कापडात किती पाणी मावते, हे या सतरंजीवर पुस्तकापेक्षा आम्हाला जास्त ठाऊक होते. मी चादरीला ‘हाताला लागलेले शस्त्र’ मानले, तेव्हा त्या नियमाने मला तिचे वजन, तिचा पसारा आणि तिचे अंगाला चिकटणे यांपैकी काहीही दिले नाही. त्या नियमात एका चार बाजूंच्या फाशाइतकी इजा आणि वीस फुटांपर्यंत फेकण्याचा साधा पल्ला एवढेच आहे. तो खुर्चीसाठी किंवा तुटलेल्या बाटलीसाठी लिहिलेला आहे.

आकडेमोड

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. फायटरच्या हल्ल्यात ५ मिळवले जातात, ओगरचा एसी ११, म्हणजे फाशावर ६ किंवा जास्त पडले की वार लागतो. ही शक्यता ७५ टक्के होते. कुऱ्हाडीची सरासरी इजा साडेसात. वीस पडल्यावर मिळणारा दुप्पट फासा धरून, फायटरच्या एका साध्या टर्नचे सरासरी मोल सुमारे ५.९ एचपी येते.

आता चादर. पहिला चेक ५५ टक्के, दुसरा फासा ६५ टक्के, ओगरचा सेव्ह फसण्याची शक्यता ६० टक्के. प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर उदार वाटतो, आणि निर्णय देताना मी ते सुटेच पाहिले होते. तिन्हींचा गुणाकार २१ टक्क्यांच्या थोडा वर जातो.

आणि मिळणार काय? आंधळ्या शत्रूवरच्या हल्ल्यांना अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. त्याच्या स्वतःच्या हल्ल्यांना डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोनांतला लहान. ओगरने १६ एसीच्या फायटरवर केलेला घाव ५५ टक्के वेळा लागतो, डिसअ‍ॅडव्हान्टेजमध्ये ३० टक्के. त्यातून सरासरी ३.६ एचपी वाचतात. रोगचा वार ७५ वरून जवळपास ९४ टक्क्यांवर जातो, तिथे सुमारे ३ एचपी जास्त मिळतात. विझार्डच्या अग्निबाणाचे आणखी सव्वा. क्लेरिक त्या वेळी जखमा भरत होता, म्हणून त्याचे काही धरले नाही. एकूण ८ एचपीच्या आसपास. त्याचे २१ टक्के म्हणजे १.७.

थोडक्यात, मी मित्राला ५.९ सोडून १.७ घे असे सांगितले होते, आणि तेही त्याला न सांगता सांगितले होते. चिखलात पडलेली चादर पाहून सतरंजीवरच्या चौघांनी हा हिशेब वही न घेता केला. दोन रविवार ते त्या हिशेबाप्रमाणे वागले, आणि त्यात त्यांचे काहीही चुकले नाही.

फाशांची संख्या हा मुद्दा मला इतका ठळकपणे मांडावासा वाटतो, कारण ती वाढते तेव्हा डीएमचा हेतू चांगला असतो. कृतीचे प्रत्येक पाऊल डोळ्यांसमोर येते आणि प्रत्येक पावलाला न्याय द्यावा असे वाटते: आधी ओढणे, मग फेकणे, मग चुकवणे. पण हाच बारकावा आपण तलवारीला लावत नाही. तलवार म्यानातून निघाली का, पाऊल ठरले का, नेम धरला का, असे तीन फासे कोणी मागत नाही. छापलेल्या कृतीची सगळी पावले एका फाशात दुमडलेली असतात आणि सुचलेल्या कृतीची एकेक सुटी मोजली जातात. यादीबाहेरच्या कृतीवरचा हा कर कोणी जाहीर केलेला नसतो, तरीही तो वसूल होतो.

निवाडा आणि कोष्टक यांच्यातली ही ओढाताण या खेळाहूनही जुनी आहे. प्रशियन सैन्यात गेऑर्ग फॉन राइसवित्झ याने १८२४ मध्ये जो युद्धखेळ मांडला, त्यात परिणाम फासे आणि कोष्टकांवरून काढत. १८७६ मध्ये युलियस फॉन व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ याने कोष्टके बाजूला ठेवून अनुभवी पंचाने स्वतः निकाल द्यावा, असा आग्रह धरला. त्या युद्धखेळांच्या परंपरेतूनच गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये आला, आणि त्याने पंचही ठेवला, कोष्टकेही ठेवली. त्यामुळे डीएमला मोकळीक आहे, पण खेळाडूला त्या मोकळिकीचा अंदाज बांधता आला पाहिजे. ओगरच्या अंगणात माझ्या मित्राला तो बांधता आला नव्हता. चादर ओढतो असे तो म्हणाला तेव्हा किती फासे लागतील, हे त्याला माहीत नव्हते आणि मी एकेक करून ते उलगडत गेलो. पहिला फासा पडल्यावर त्याला माघारही घेता येत नव्हती.

शेजारचा नियम

दुरुस्तीसाठी मी पुस्तकात चादरीच्या सर्वांत जवळचा नियम शोधला. तो शस्त्रांच्या यादीत सापडला: जाळे. जाळे लागले, तर मोठ्या आकारापर्यंतचा शत्रू जखडला जातो. त्याची चाल शून्य होते, त्याच्यावरच्या हल्ल्यांना अ‍ॅडव्हान्टेज आणि त्याच्या हल्ल्यांना डिसअ‍ॅडव्हान्टेज. सुटण्यासाठी त्याला अ‍ॅक्शन खर्चून ताकदीचा चेक करावा लागतो, कठीणता १०. महाकाय प्राण्यावर जाळ्याचा परिणाम होत नाही. जाळ्याला एक दोषही आहे. त्याचा साधा पल्ला पाच फूट, आणि पाच फुटांवर शत्रू असताना फेकून केलेल्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज असतो. लांबून टाकावे तर पल्ल्याबाहेरचा डिसअ‍ॅडव्हान्टेज लागतो. म्हणजे विशेष कौशल्य नसेल, तर जाळे जवळजवळ नेहमी दोन फाशांतल्या लहान फाशावरच चालते. मला हा नियम अपुरा वाटतो आणि त्याचा तो भाग मी घेतला नाही. परिणामाची कमाल मर्यादा मात्र घेतली: एका माणसाने टाकलेली चादर जाळ्याहून अधिक काही करू शकणार नाही.

फासा कोणता, याचे उत्तर २०२४ च्या सुधारित नियमांत मिळाले. तिथे शत्रूला पकडणे किंवा ढकलणे यासाठी दोघांनी फासे टाकून तुलना करण्याची जुनी पद्धत काढली आहे. आता शत्रूच एक सेव्ह टाकतो आणि त्याची कठीणता ८ अधिक हल्लेखोराची ताकद अधिक त्याचे प्रावीण्य अशी निघते. आमच्या फायटरसाठी ती ८, ३ आणि २ मिळून १३. ओगरच्या चपळाईमुळे त्याच्या फाशातून १ वजा होतो, म्हणून त्याला १४ किंवा जास्त पडावे लागते. चादर लागण्याची शक्यता ६५ टक्के. आठाचे ६५ टक्के म्हणजे ५.२.

कुऱ्हाड ५.९, चादर ५.२. एकट्याने टाकलेल्या चादरीचे मोल कुऱ्हाडीच्या किंचित खाली असावे, असे माझे मत आहे, कारण एसी वाढला की तराजू आपोआप उलटतो. १८ एसीच्या चिलखती शत्रूवर त्याच फायटरचा वार ४० टक्केच लागतो आणि अ‍ॅडव्हान्टेजने तो ६४ वर जातो. कुऱ्हाड चालत नाही तिथे माणूस आजूबाजूला काय आहे ते पाहतो, आणि आकडे त्याला तिथे साथ देतात.

इतके झाल्यावर पुढच्या रविवारी मी चौघांना सांगितले, की ओगरचे ते अंगण आपण पुन्हा खेळू. जे घडले ते कथेत तसेच राहील, हा केवळ सराव. त्यांनी आनंदाने होकार दिला. मी आधीच सांगितले: एकट्याने टाकल्यास एक सेव्ह, कठीणता १३, फसल्यास ओगर आंधळा, चादर काढायला त्याने अ‍ॅक्शन खर्चली तर निघते, नाही तर तो अंदाजाने सोटा फिरवत राहतो. चादर ओढण्यासाठी वेगळा फासा नाही. दोघांनी दोन टोके धरली आणि दोघांनीही आपली अ‍ॅक्शन दिली, तर ओगरचा सेव्ह डिसअ‍ॅडव्हान्टेजने, आणि आंधळेपणाबरोबर जाळ्याचाही परिणाम, म्हणजे आंधळा आणि जागीच जखडलेला.

रोगने लगेच दुसरे टोक मागितले. त्या क्षणी माझ्या सगळ्या आकडेमोडीची मर्यादा मला समजली. रोगच्या एका टर्नचे मोल साडेदहा एचपीहून जास्त आहे. इजेच्या हिशेबाने तिने ते सोडणे तोट्याचे होते. तिने कारण दिले, “मला त्याला मारायचं नाही. तो हलला नाही की विणकर दाराबाहेर जातील.” सेव्ह फसण्याची शक्यता आता ८८ टक्के झाली होती. ओगरचे फासे ११ आणि ४ पडले. चादर बसली, त्याची चाल शून्य झाली आणि विझार्डने तिन्ही विणकरांना त्याच्यासमोरून दाराबाहेर काढले. पुढच्या टर्नला ओगरने ताकदीचा चेक करून चादर फाडली, परंतु त्याची अ‍ॅक्शन त्यातच गेली होती. मूळ लढाईत त्याला मारण्यासाठी चार राउंड लागले होते. या वेळी दुसऱ्या राउंडच्या शेवटी अंगण रिकामे झाले आणि ओगर जिवंत राहिला.

म्हणून वहीतले एचपीचे आकडे मी आता किमान मर्यादा म्हणून वापरतो. सुचलेल्या कृतीचे मोल त्यांच्या फार खाली गेले, तर कोणी ती करणार नाही, एवढे ते सांगतात. खेळाडू ती कृती कशासाठी करतो आहे, ते त्यांत दिसत नाही. ते त्याला विचारावे लागते, आणि फासा टाकण्यापूर्वी विचारावे लागते.

चादर थैलीत

एक अडचण अपेक्षेप्रमाणे आलीच. नंतरच्या बैठकीत चारही पात्रांच्या सामानात एकेक चादर लिहिलेली होती. एकदा चाललेली युक्ती प्रत्येक लढाईचा पहिला टर्न व्हावी, हे मला नको होते, पण स्वतःच दिलेला निर्णय मागे घेणे त्याहून वाईट ठरले असते. मी त्यांना आमच्याच अनुभवाची आठवण दिली: कोरडी चादर हलकी असते, फडफडते, अंगाला चिकटत नाही. कोरड्या चादरीसाठी कठीणता २ ने कमी, आणि एक हात मोकळा असलेला शत्रू ती अ‍ॅक्शन न खर्चता काढतो. भिजवलेली हवी असेल, तर पाणी जवळ हवे आणि ती उचलून नेणाऱ्याच्या चालण्यावर ओझे पडेल. चौघांनी हे मान्य केले, कारण हे पुस्तकातून आलेले नव्हते आणि तरीही खरे होते. दोघांनी चादर सामानातून खोडली. दोघांनी पांघरायला म्हणून ठेवली.

गेल्या रविवारी डोंगरातला महाकाय राक्षस समोर आला. फायटरने चादरीचे विचारले आणि मी जाळ्याचा नियम वाचून दाखवला, की महाकाय आकारावर परिणाम नाही. रोग चालवणाऱ्या मुलीने थोडा विचार करून विचारले, की दोन चादरी काठाला काठ जोडून शिवल्या आणि चौघांनी चार टोके धरली तर? लढाईच्या सहा सेकंदांत ते शक्य नव्हते, म्हणून साहसी माघार घेऊन गावात परतले. दाभण, जाड सूत आणि एक पूर्ण रात्र लागेल, असे मी सांगितले. पहाटेपर्यंत कोण जागणार आणि कोण मंत्र परत मिळवण्यासाठी झोपणार, यावर चौघांची चर्चा चालू असताना त्या दिवसाची बैठक संपली.